नवतप्यात टिकेल असा लॅपटॉप

दरवर्षी निकाल लागले आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की मला फोन यायला लागतात. ब्रह्मपुरीहून, तुमसरहून, काटोलहून. पोरगी नागपूरला शिकायला येते आहे, नंदनवनात रूम पाहून झाली, मेस ठरली, आता तेवढा लॅपटॉप राहिला. कोणता घ्यायचा ते सांगा. फोनवर बाप असतो आणि मागून लेकीचा आवाज येतो, "आय-सेव्हन सांगा म्हणा." मी लगेच नाव सांगत नाही. आधी तीन गोष्टी विचारतो. शिकणार काय, राहणार कुठे, आणि बिघडला तर दुरुस्तीला कुठे नेणार? या तिन्हींची उत्तरं मिळाली की दुकानातले निम्मे लॅपटॉप आपोआप बाद होतात.

राहणार कुठे, हा प्रश्न नागपुरात उन्हाचा आहे. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. विक्रमाचं सोडा, नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ दिवसांत, ४५ अंशांचं आपल्याला नवल वाटत नाही. लॅपटॉपला मात्र वाटतं. बहुतेक कंपन्या माहितीपत्रकात वापरासाठीचं कमाल तापमान ३५ अंश लिहितात, आणि ते भोवतालच्या हवेचं असतं, यंत्राच्या पोटातलं नाही. गच्चीखालची, नुसत्या स्लॅबची किंवा पत्र्याची रूम मे महिन्यात रात्री नऊलाही तेवढी तापलेली असते. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आणि प्रोजेक्टचं सबमिशन नेमकं त्याच दिवसांत येतं.

माझ्या भाचीने पहिल्या वर्षी हट्टाने गेमिंग लॅपटॉप घेतला. लाल दिव्यांचा कीबोर्ड, चार्जर धरून तीन किलोच्या घरातलं वजन. शिकत होती बी.कॉम. दुसऱ्या उन्हाळ्यात टचपॅडचं क्लिक होईना, कडेची फट वाढल्यासारखी दिसू लागली. तिला वाटलं, बटण गेलं. खालचं झाकण उघडलं तर बॅटरी पावासारखी फुगलेली. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तर मुळीच नाही. आत वायू साठतो आणि पिशवी फुगते. तिचा लॅपटॉप महिनोन्महिने चार्जरला लावलेला, शंभर टक्क्यांवर, गादीवर ठेवलेला असायचा. वॉरंटी संपून दोन महिने झाले होते. असं कधी दिसलं तर लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जर काढा, बॅटरी दाबू नका की टोचू नका, आणि थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो दिवस आठवला की मला अजून धस्स होतं, कारण त्याच गादीवर ती झोपायची.

म्हणून चिपच्या नावातलं शेवटचं अक्षर मी सगळ्यात आधी पाहतो. इंटेल असो की एएमडी, आकड्याच्या शेवटी 'यू' असेल तर ती कमी वीज खाणारी, साधारण १५ वॉटच्या वर्गातली चिप. 'एच' किंवा 'एचएक्स' असेल तर ती ४५ वॉट आणि त्याहून वरच्या वर्गातली. ताकद जास्त, तशीच उष्णताही जास्त आणि पंख्याचा आवाजही. अभ्यासक्रमाला खरोखर लागत नसेल तर नागपूरच्या रूममध्ये 'एच' घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शिकणार काय, ते. कला, वाणिज्य, विधी, शिक्षणशास्त्र, नर्सिंग, एमबीबीएस यांतल्या कुणालाही वेगळ्या ग्राफिक्स कार्डची गरज नाही. त्यांना वेब, पीडीएफ, व्हिडिओ, टायपिंग आणि एक्सेल एवढंच लागतं. वाणिज्यच्या मुलांनी फक्त एवढं पाहावं की लॅपटॉप विंडोजचा आहे, कारण टॅली विंडोजवर चालतं. सरावासाठी टॅलीचा शैक्षणिक मोड फुकट मिळतो, त्यामुळे चोरीची प्रत टाकून घ्यायचं कारणच उरत नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत सी, पायथन, जावा, डेटाबेस एवढंच असतं. त्याला साधा चांगला लॅपटॉप भरपूर होतो. "एआय शिकायचंय म्हणून ग्राफिक्स कार्ड पाहिजे" असं मुलं सांगतात. शिकण्याच्या पातळीवरचं ते काम गुगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच होतं, तिथे ग्राफिक्स प्रोसेसर मर्यादित वेळ फुकट वापरायला मिळतो. त्यासाठी घरच्यांना वीस-पंचवीस हजार जास्त मोजायला लावू नका.

सिव्हिल, मेकॅनिकल आणि आर्किटेक्चर यांची गोष्ट वेगळी आहे. ऑटोकॅडचं द्विमितीय काम साध्या लॅपटॉपवर १६ जीबी रॅम असेल तर नीट चालतं. सॉलिडवर्क्स, रेव्हिट आणि आर्किटेक्चरचं रेंडरिंग मात्र ग्राफिक्स कार्ड मागतं. पण हे काम बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुरू होतं आणि कॉलेजात लॅब असते. सीनियर मुलांना विचारा, लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते आणि मशीन कशा आहेत. पहिल्याच दिवशी मोठा खर्च करण्याआधी ही चौकशी करणं शहाणपणाचं. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट मॅकवर थेट चालत नाहीत, म्हणून या शाखांनी मॅकबुकच्या वाटेला जाऊ नये. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना कॉलेजचा पुरावा देऊन फुकट मिळतात, हेही पुष्कळांना शेवटच्या वर्षी कळतं.

किमतीचे आकडे मी हल्ली सांगायचं सोडलं आहे. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले, आणि महिन्यापूर्वीचा आकडा आज खरा असेल याची खात्री राहिली नाही. त्यापेक्षा पैसे कोणत्या क्रमाने घालायचे ते सांगतो. आधी रॅम आणि एसएसडी, मग प्रोसेसरची पिढी, मग पडदा आणि कीबोर्ड, मग वॉरंटी. रंग, दिवे, पातळपणा आणि आय-सेव्हनचा स्टिकर यांच्यासाठी वेगळा रुपयाही काढू नका.

रॅम ८ जीबी ही आजची किमान पायरी आहे. चार वर्षं काढायची तर १६ हवी. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा, की रॅम वाढवता येते का? काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच कायमची बसवलेली असते. आज ८ घेतली तर शेवटपर्यंत ८च. दुकानात मशीन सुरू असेल तेव्हा टास्क मॅनेजर उघडायला सांगा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे किती स्लॉट वापरले ते दिसतं, आणि फॉर्म फॅक्टरपुढे 'एसओडिम' असेल तर रॅम काढता-घालता येणारी आहे. 'रो ऑफ चिप्स' असं दिसलं तर ती बोर्डाला जोडलेली. एक स्लॉट भरलेला आणि एक रिकामा असा लॅपटॉप मध्यमवर्गीय घरासाठी मला सगळ्यात आवडतो. आज ८ वर घ्या, भाव उतरले की आणखी ८ ची पट्टी घाला. दोन पट्ट्या एकत्र चालल्या की चिपमधल्या ग्राफिक्सचा वेगही वाढतो, हा वरचा फायदा.

साठवणुकीला ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या. 'ईएमएमसी' असं कुठे लिहिलं असेल तर तो लॅपटॉप तिथेच ठेवा. ती मोबाइलच्या जातीची संथ साठवण असते, बोर्डावर चिकटवलेली, बदलताही येत नाही. सेलेरॉन प्रोसेसर आणि ईएमएमसी अशी जोडी स्वस्त म्हणून मोठ्या जाहिरातीने विकली जाते. नवं आहे आणि पंचवीस हजारांत बसतं, एवढ्यावर आईवडील भुलतात. सहा महिन्यांत तो लॅपटॉप मुलाच्या टेबलावर नुसता पडून असतो आणि मूल मोबाइलवर असाइनमेंट करत असतं. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की याबाबतीत मी तडजोड सुचवत नाही.

प्रोसेसरचे आकडे वाचायला शिकणं अवघड नाही. इंटेलच्या आय-थ्री १२१५यू मधले पहिले दोन आकडे पिढी सांगतात: बारावी. नंतर इंटेलने नव्या चिपच्या नावातला 'आय' काढून 'कोअर ३', 'कोअर ५', 'कोअर अल्ट्रा' अशी नावं आणली. म्हणजे 'कोअर ५' लिहिलेलं पाहून तो जुना आय-फाइव्ह समजू नका. एएमडीच्या बाबतीत फसगत जास्त होते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, फरक एका आकड्याचा दिसतो. पण सात हजारांच्या या मालिकेत तिसरा आकडा चिपची मूळ रचना सांगतो. ७५२०यू 'झेन २' वर बनलेली आहे, जी रचना २०१९ची. शिवाय तिच्यासोबत येणारी रॅम बोर्डावरच पक्की असते. ७५३०यू त्यापुढची 'झेन ३' आहे. किमतीत दोन-तीन हजारांचाच फरक असेल तर दुसरी घ्या. बारावी पिढी किंवा त्यापुढचा आय-थ्री हा दहा वर्षांपूर्वीच्या आय-सेव्हनपेक्षा सरस चालतो, हे त्या मागून बोलणाऱ्या लेकीला मला दरवर्षी समजावून सांगावं लागतं.

पडद्यासाठी एकच युक्ती. दुकानात लॅपटॉपचा पडदा मागे झुकवा आणि बाजूला उभं राहून पाहा. रंग उलटे किंवा फिके दिसले तर ते स्वस्त टीएन पॅनल. आयपीएसमध्ये असं होत नाही. चार वर्षं रात्री बारापर्यंत वाचायचं आहे, डोळ्यांची किंमत कमी धरू नका. रोज बसने वाडीहून किंवा कामठीहून येणाऱ्याने १४ इंची, दीड किलोच्या आसपासचा घ्यावा. टॅली आणि एक्सेलवाल्यांनी १५.६ इंची पाहावा, कारण उजवीकडचा नंबर पॅड तिथे मिळतो.

तिसरा प्रश्न उरला, दुरुस्तीचा. हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि लॅपटॉप टिकणं मुख्यतः यावरच ठरतं. कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन नागपुरात तिचं अधिकृत सेवाकेंद्र आहे का, ते स्वतः पाहा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. वॉरंटी 'ऑनसाइट' आहे की 'कॅरी-इन', हे विचारा. ऑनसाइट म्हणजे माणूस घरी येतो, पण तो तुमच्या पिनकोडला येतो का, हे वेगळं तपासावं लागतं. नागपूर शहरात येईल, आरमोरीला येईलच असं नाही. सुटीत गावी गेल्यावर बिघडला तर काय, हे आधीच कळलेलं बरं. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर कंपनीचीच घ्या, आणि पैसे उरले तर पडण्या-सांडण्याचं संरक्षण देणारी. चहा सांडणं साध्या वॉरंटीत धरलं जात नाही.

ज्यांच्याकडे वीस-पंचवीस हजारच आहेत त्यांनी नव्याचा हट्ट सोडावा. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून एकगठ्ठा काढून टाकतात ते ऑफिसचे लॅपटॉप, म्हणजे थिंकपॅड टी४८०, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, हे बांध्याने मजबूत असतात. कीबोर्ड उत्तम, सुटे भाग बाजारात मिळतात, झाकण चार-सहा स्क्रूंत उघडतं. नव्या सेलेरॉनपेक्षा मी डोळे झाकून यांच्याकडे पाठवतो. पण घेताना डोळे उघडेच ठेवा. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची हवी, कारण विंडोज ११ त्याखाली अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीन अजूनही स्वस्तात खपवल्या जातात. लॅपटॉप बंद करून सुरू करा आणि बायोसमध्ये जाऊन पाहा. पासवर्ड मागितला तर परत करा. मग विंडोज तुमच्यासमोर रीसेट करायला सांगा. सुरू होताना एखाद्या अनोळखी कंपनीचं लॉगिन मागत असेल तर त्या मशीनवर अजून जुन्या मालकाचा ताबा आहे.

बॅटरीची तब्येतही तिथेच कळते. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून मागा. बिल आणि निदान तीन महिन्यांची लेखी हमी नसेल तर घेऊ नका.

आता बर्डी. सीताबर्डीच्या बाजारात जाण्याआधी हवं ते मॉडेल पूर्ण नावानिशी, शेवटच्या अक्षरांसह, कागदावर लिहून न्या आणि ऑनलाइन भाव मोबाइलवर उघडा ठेवा. एकाच नावाखाली वेगवेगळी रॅम आणि वेगवेगळे पडदे असतात, म्हणून पूर्ण क्रमांक. दुकानदार ऑनलाइनचा भाव देईल किंवा हजार-पाचशे जास्त मागेल. मी ते जास्तीचे पैसे पुष्कळदा देतो, कारण पहिल्या आठवड्यात काही निघालं तर जाऊन उभं राहायला एक काउंटर असतं. मात्र खोका सीलबंद हवा आणि तो तुमच्यासमोर फुटायला हवा. खोक्यावरचा सीरियल नंबर, लॅपटॉपच्या तळाचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळवा. तोच नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली ते दिसतं. ती चार महिन्यांपूर्वीच सुरू झालेली असेल तर विचारणा करा, कदाचित ती मशीन काउंटरवर दाखवायला ठेवलेली असेल.

बिल जीएसटीचंच घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून "बिलाशिवाय स्वस्तात देतो" ही बोली ऐकायला गोड लागते. त्या कच्च्या चिठ्ठीवर ना वॉरंटीचं भांडण करता येतं, ना ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पक्कं बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्कही लागत नाही. विंडोज आधीपासून असलेलाच लॅपटॉप घ्या. "डॉसवाला घ्या, विंडोज आणि ऑफिस आम्ही टाकून देतो" याचा अर्थ चोरीची प्रत, आणि अशा प्रतीबरोबर व्हायरस येण्याची भीती कायम असते. ऑफिस नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे, आणि कॉलेजचा ईमेल असेल तर मायक्रोसॉफ्टची वेबवरची ऑफिस सेवा बहुधा फुकट मिळते, कॉलेजात विचारा.

पैशांचं म्हणाल तर 'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दांना भुलू नका. बिनव्याजी कर्ज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना लेखी बजावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच. रोखीत मिळाली असती ती सूट जाते, वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी लागतो. दोन्ही बेरजा कागदावर मांडा. ज्या घरात मुलाचं शैक्षणिक कर्ज होणारच आहे, त्यांनी लॅपटॉपसाठी वेगळा हप्ता बांधून घेऊ नये. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी लागणाऱ्या संगणकाचा वाजवी खर्च धरता येतो. अर्ज करतानाच कोटेशन जोडा, नंतर आठवलं तर उशीर होतो. अकरावी-बारावीत जेईई, नीट किंवा सीईटीची तयारी करणारे इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातले विद्यार्थी असतील तर आपल्या नागपूरच्याच महाज्योती संस्थेच्या प्रशिक्षण योजनेकडे लक्ष ठेवा; त्यात निवड झालेल्यांना टॅबलेट दिले गेले आहेत. त्या दोन वर्षांत लॅपटॉप नसला तरी भागतं.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये जाऊन बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सुरू करा. लेनोव्हो, आसुस, डेल, एचपी यांच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती कोणत्या ना कोणत्या नावाने असते. भाचीच्या लॅपटॉपमध्येही होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर नको. पाट, जाड पुठ्ठा, स्टीलचं ताट, काहीही कडक चालेल, खालच्या जाळीतून हवा आत गेली पाहिजे. वर्षातून एकदा, होळीच्या आसपास, आतली धूळ काढून घ्या. आपल्याकडच्या धुळीने पंख्याच्या जाळीवर अक्षरशः गोधडी तयार होते.

आणि कूलर. नागपुरात कूलर लावणारच, लावलाच पाहिजे, पण लॅपटॉप त्याच्या तोंडासमोर ठेवू नका. पंप जोरात असला किंवा ताट्या जुन्या झाल्या की हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि आपलं क्षाराचं पाणी कीबोर्डखाली वाळून पांढरं होतं. कूलर खिडकीत, तुम्ही कडेला, आणि समोरची खिडकी थोडी उघडी, म्हणजे दमट हवा कोंडणार नाही. कूलर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला चार्जिंगवर असताना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर पहिला संशय रूमच्या अर्थिंगवर घ्या. घरमालकाला सांगून ते तपासून घ्या. लोखंडी कूलर त्याच खोलीत असतो, त्यामुळे हे काम लॅपटॉपसाठी नाही तर मुलाच्या जिवासाठी करायचं आहे.

दुपारी कॉलेजमध्ये लॅपटॉप स्कूटरच्या डिकीत ठेवून वर्गात जाऊ नका. मेच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीची सीट हाताने उघडून पाहा, आत हात ठेववत नाही. बॅग पाठीवरच राहू द्या.